गेल्या दिवाळीतला फोटो

मुंबईची शेवटची ट्राम बंद झाल्याची बातमी आमच्या गावात शिळी होऊनच पोचली, कारण वर्तमानपत्रच शिळे येत असे. तो अंक घेऊन मी मास्तरांकडे धावत गेलो. ते ओट्यावर अडकित्त्याने सुपारी कातरत बसले होते. मी म्हटले, "मास्तर, संपली." त्यांनी अंक हातात घेतला, पहिले पान उलटले, आतल्या पानावरचा सुपारीचा भाव वाचला आणि घडी घालून मला परत दिला.

या माणसाने वर्षानुवर्षे आपली प्रत्येक सुट्टी ट्रामच्या मागे घातली होती. त्याला शेवटच्या ट्रामचे काहीच वाटू नये याचे सगळ्या गावाला नवल वाटले. मला वाटले नाही. कारण मला माहीत होते, आणि आज ते दोघेही, म्हणजे मास्तर आणि ज्या बाईमुळे हे सगळे झाले ती, हयात नाहीत म्हणून लिहितो आहे. पण आधी मास्तर कसे होते ते सांगायला हवे.

ते आमच्या हायस्कुलात चित्रकला शिकवीत. दिघीच्या खाडीपासून थोडे इकडे आमचे गाव. पुढे समुद्र, मग नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि मागे डोंगरापर्यंत भाताची खाचरे. मी त्या खाचरांपलीकडचा. आमच्या घराण्यात शाळेत गेलेला पहिला मी. पुण्याला एका वसतिगृहात राहून बी. ए. झालो आणि इथे शिक्षक म्हणून लागलो, तेव्हा वडिलांनी डोक्यावरून माझी ट्रंक गावापर्यंत आणून दिली आणि वेशीवरूनच परत गेले. नोकरी होती, खोली मिळेना. लोक आधी आडनाव विचारीत आणि मग त्यांना आठवे की खोलीत भात भरून ठेवलेला आहे.

मास्तरांनी आडनाव विचारले नाही. त्यांनी विचारले, "अंधारात चहा करता येतो का?"

हा प्रश्न थट्टेचा नव्हता. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला कायम काळे कांबळे लावलेले असे. तिथे ते फोटोचे रोल धूत. आमच्या विहिरीचे पाणी मचूळ, त्याने फोटोंवर पांढरे डाग पडत, म्हणून एका वाडीतल्या गोड्या विहिरीवरून ते स्वतः कळशी आणीत. त्या पाण्यातले आधी फोटोंना, उरले तर चहाला. मी माझे लग्न होईपर्यंत त्या घरात राहिलो. मी पुढे जो काही झालो त्याची सुरुवात त्या काळोख्या स्वयंपाकघरात आहे, हे मी कधी विसरलो नाही.

स्वातंत्र्य मिळाले त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी पहिला कॅमेरा घेतला, साधा डब्यासारखा. नंतर पुढे कातडी भाता असलेला एक जुना मिळाला. दिवाळी आणि मे महिना, या दोन सुट्ट्यांना ते बोटीने मुंबईला जात. बोट दूर खोल पाण्यात उभी राही आणि पडावातून माणसे तिच्यापर्यंत नेत. मास्तर पडावातही उभे, बोटीतही उभे. पुढे गावात एस.टी. आली तेव्हा तिच्यातही जागा रिकामी असताना ते दांड्याला धरून उभे राहात. कंडक्टर म्हणे, "मास्तर, बसा की, सीट चावत नाही." ते म्हणत, "बसलेल्या माणसाला फक्त पुढच्याची टाळू दिसते."

मुंबईत ते नाक्यांवर उभे राहात आणि ट्रामचे फोटो काढीत. कॅमेरा बाजाराच्या पिशवीत, वर मेथीची जुडी. ट्राम आली की जुडी बाजूला. एकदा एका हवालदाराने त्यांना हटकले. काय करता, कशाचे फोटो, परवाना आहे का. मास्तर म्हणाले, ट्रामचे काढतो, ती जाणार आहे म्हणून. हवालदार म्हणाला, "मी पण रिटायर होणार आहे, मग माझा काढ." मास्तर म्हणाले, "तुम्ही गेलात की तुमच्या जागी दुसरा हवालदार येईल. तिच्या जागी ट्राम येणार नाही." हवालदाराने मेथी ठेवून घेतली आणि त्यांना सोडून दिले, असे ते सांगत.

खरे म्हणजे त्यांना ट्रामचेही तितके वेड नव्हते. ट्रामची वाट बघणाऱ्या आणि तिच्या पायरीवर लोंबकळणाऱ्या माणसांचे होते. ते म्हणत, "वाट बघताना माणसाला तोंड आवरून धरता येत नाही. आणि उभा करून फोटो काढलात की झालं त्याचं बुजगावणं." म्हणून गावात ते कोणाच्या लग्नाचा, मुंजीचा फोटो काढीत नसत. शाळेत एकदा शिक्षणाधिकारी आले. हेडमास्तरांनी सगळ्यांना ओळीत बसवले, खुर्च्या लावल्या, साहेबांना मधोमध बसवले आणि मास्तरांना कॅमेऱ्यासह समोर उभे केले. मास्तर भाता पुढेमागे करीत राहिले. ऊन वाढले, साहेब कंटाळून उठले, माणसे पांगली. साहेब वाकून आपल्या चपला शोधू लागले तेव्हा मास्तरांनी फोटो काढला. तो फार चांगला आला होता. हेडमास्तर महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

आमच्या भागातल्या घरटी एकेक पुरुष मुंबईला असे, गिरणीत नाहीतर गोदीत. तो शिमग्याला आणि गणपतीला येई. एरवी त्याची खुशाली कोणी येईल-जाईल त्याच्याकडून कळे. एकदा असा एक गिरणीवाला तिकडे वारला. त्याचा उभ्या जन्मात फोटो नव्हता. त्याच्या आईला कोणीतरी म्हणाले, मास्तरांच्या फोटोंत बघ, ट्रामच्या गर्दीत असायचा. ती आली, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांतले फोटो एकेक करून बघत बसली, आणि तिला खरोखर तो सापडला. रस्ता ओलांडत होता. तो तुकडा कापून तिने देवाच्या फळीशेजारी लावला.

तेव्हापासून मास्तरांच्या ओट्यावर बायका येऊ लागल्या. मेलेल्यांना शोधायला क्वचित, बहुतेक जिवंतांना. सुट्टी संपवून मास्तर परतले की भात लावून, झोडून, मासळी विकून मोकळ्या झालेल्या बायका ओट्यावर डबे मांडीवर घेऊन बसत. मास्तर त्यांना एक भिंग देत. "माजा हाय का ह्यात?" एक विचारी. दुसरी म्हणे, "तुजा कशाला ट्रामनं जातोय, तुजा चालत जाऊन बिडीला पैसं वाचवत असंल." हसणे होई. आणि मग एखादी अचानक भिंग डोळ्याजवळ घट्ट धरून बसे. ट्रामच्या फोटोत नखाएवढा तिचा नवरा असे.

मग ती विचारी, हा कधीचा. मास्तर फोटोंवर काही लिहीत नसत, पण त्यांना प्रत्येक फोटो पाठ होता. ते सांगत तो गावात शेवटचा शब्द. सांगताना ते गोडही करीत नसत. एका आईला त्यांनी सांगितले की हा गेल्या मे महिन्यातला आहे, आणि पोरगा लंगडतो आहे, नीट बघ. आई रडत गेली, पण तिने माणूस पाठवून मुलाला आणवला. एका सुपारीच्या व्यापाऱ्याने गर्दीतला एक रुबाबदार म्हातारा पसंत केला आणि हेच आमचे कैलासवासी वडील म्हणाला. मास्तर म्हणाले, "हे कोणी गुजराती शेट आहेत. तुमचे वडील टक्कल झाकायला टोपी घालायचे, आणि ती सुद्धा उसनी." व्यापाऱ्याने नाही नाही ते करून पाहिले. मास्तरांनी फोटो डब्यात टाकला आणि झाकण लावले. फोटो खोटे बोलत नाही असे लोक म्हणतात. आमच्याकडे लोक म्हणत, मास्तर खोटं बोलत न्हाईत.

आता त्या बाईचे सांगतो. तिला सगळे धाकटी म्हणत, कारण ती दोन भावांच्या घरातली धाकटी सून. थोरला भाऊ शेती करी. तिचा नवरा मुंबईला गिरणीत होता. एका गणपतीनंतर तो गेला तो परत आलाच नाही. गिरणीत नाही, गावच्या माणसांच्या खोलीत नाही, इस्पितळात नाही. मूल नव्हते. धाकटी थोरल्याच्या घरात राबत राहिली, कपाळाला कुंकू लावून.

अशी बारा वर्षे होत आली. बेपत्ता माणसाची बारा वर्षे झाली की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात आणि मग सुतक, दिवस, सगळे रीतीप्रमाणे करतात. थोरल्याच्या घरात त्या वर्षी दोन वासरे दगावली, मुलीचे लग्न जमता जमता मोडले. भगताने सांगितले की धाकट्याचा जीव अडकला आहे, त्याला मोकळा करा. थोरला वाईट माणूस नव्हता. त्याला भावाला गती मिळायला हवी होती आणि घरात लग्न व्हायला हवे होते. पुतळ्याचा दिवस ठरला. त्या दिवशी धाकटीच्या बांगड्या फुटणार होत्या आणि कुंकू पुसले जाणार होते.

तिने आजवर मास्तरांच्या ओट्यावर कधी पाऊल टाकले नव्हते. दिवस ठरल्यावर ती आली. रोज काम उरकून येई, खांबाला टेकून बसे आणि भिंगातून फोटो बघे. इतर बायकांशी बोलत नसे. मास्तर शाळेतून आले की लांबून तिच्याकडे बघत. एका दुपारी तिने एक फोटो उचलून मास्तरांपुढे धरला. ट्रामच्या पायरीवर दांड्याला धरून, बाहेर झुकून एक तरुण उभा होता, वाऱ्याने केस मागे गेलेले, कशाला तरी हसत असलेला.

"ह्यो त्योच हाय," ती म्हणाली. "मला एवढा द्या, मास्तर."

मास्तरांनी फोटो घेतला आणि उद्या ये म्हणाले. संध्याकाळी त्यांनी पात्याने त्या फोटोची वरची पट्टी कापली. मी समोर तांदूळ निवडत बसलो होतो. मला वाटले, डाग पडला असेल.

दुसऱ्या दिवशी धाकटी एकटी आली नाही. गावात गोष्ट पसरली होती. थोरला आला, भगत आला, भाऊबंदांतले काही आले. थोरल्याने फोटो उलटसुलट करून पाहिला. भावाचा चेहरा त्याला ओळखू आला, पण त्याला वेगळेच हवे होते.

"ह्यो कवाचा, मास्तर?" त्याने विचारले. "तुमी सांगाल त्यावर पुतळा करायचा का न्हाय ते ठरंल."

धाकटी खाली बघत उभी होती. मास्तर तिच्या कपाळाकडे बघत होते. भगताने पान थुंकायला तोंड वळवले.

"गेल्या दिवाळीतला," मास्तर म्हणाले.

धाकटीने मान वर केली. इतके दिवस मी त्या बाईला पाहात होतो, पण तिचे डोळे मला तेव्हा पहिल्यांदा दिसले.

पुतळा झाला नाही. पहिल्या दिवशी लोकांनी तिच्या घरी जाऊन साखर खाल्ली. पण पंधरवड्यात वारे फिरले. माणूस मेला नाही, जिवंत आहे, हसतो आहे, ट्रामने हिंडतो आहे, आणि इतकी वर्षे बायकोकडे फिरकला नाही. पाणवठ्यावर बायका म्हणू लागल्या की तिकडे दुसरी असेल, आणि असणारच, हिच्याकडे बघा ना. आतापर्यंत ती दुःखी बाई होती, आता टाकलेली झाली. थोरल्याच्या बायकोने विचारले की जिवंत नवऱ्याच्या बाईला आम्ही किती दिवस पोसायचे. विधवा असती तर ती घरची होती, कोणी काढली नसती. मे महिन्याची सुट्टी लागायच्या आतच एका बोटीला थोरल्याने तिला गाठोड्यासकट पडावात बसवले. सगळ्यांसमोर तिला म्हणाला, "जा आता आपल्या घरला. त्याला सांगावं, आमी बारा वर्सं सांभाळली." तिच्याजवळ तो फोटो होता.

आम्ही शाळेत होतो. कळले तेव्हा मास्तर पोरांना कागदावर वर्तुळे काढायला सांगून धक्क्याकडे निघाले. मी मागोमाग गेलो. बोट केव्हाच गेली होती. परत येताना, वाडीच्या कुंपणाशी थांबून, त्यांनी मला सांगितले. फोटो तिचा नवरा नाहीसा होण्याच्या आदल्या वर्षीचा होता. कापलेल्या पट्टीत ट्रामच्या कपाळावरची मार्गाची पाटी होती. त्या मार्गावरची ट्राम कधीच बंद झाली होती, रूळ डांबराखाली गेले होते. मुंबई पाहिलेल्या कोणाही माणसाने ती पाटी वाचून विचारले असते की ही ट्राम गेल्या दिवाळीत कुठून आली.

"बी. ए.," ते म्हणाले. मला ते याच नावाने हाक मारीत. "ती कुंकू वाचवायला आली होती हो. मी नाही कसं म्हणू?"

त्या मे महिन्यात आणि पुढे पावसाळ्यात बोटी बंद असतानाही, रजा काढून, ते एस.टी.ने वळसे घालून मुंबईला जात राहिले. नाक्यानाक्यावर तिला शोधीत. गावच्या माणसांची खोली गिरणगावात होती, एकाच गावचे वीसपंचवीस पुरुष पाळीपाळीने जिथे झोपतात तशी. तिथे एका प्रश्नात पत्ता लागला असता. पण तिथे मास्तर जात नव्हते. तिथे कोणीतरी त्या फोटोबद्दल विचारले असते. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर गेलो आणि वर जाऊन मीच विचारले.

धाकटी पहिल्या दिवशीच तिथे आली होती. तिच्या हातातला फोटो बघून माणसांनी, हा कोणालाच दिसला नाही म्हणून, माना हलवल्या होत्या. पुरुषांच्या खोलीत बाईला ठेवता येईना, म्हणून जवळच्या खाणावळवालीकडे तिला भांडी घासायला लावून दिले होते. पहिले काही महिने ती काम झाले की नाक्यावर जाऊन उभी राही. येणाऱ्या प्रत्येक ट्रामच्या पायरीकडे बघे. पोरे तिला ट्रामवाली म्हणत. आता जात नाही, असे खोलीतल्या एका म्हाताऱ्याने सांगितले.

खाणावळीच्या मागल्या मोरीपाशी ती बसली होती. पुढे ताटांचा ढीग. ती फार वाळली होती, पण कपाळावर कुंकू होते, पूर्वीपेक्षा मोठे. मास्तरांना बघून ती उठली आणि राखेचे हात मागे घेतले. गावाकडे पाऊस कसा झाला, थोरल्याच्या मुलीचे जमले का, असे तिने विचारले. जमले होते. तिला बरे वाटलेले दिसले.

मग मास्तर म्हणाले, "तो फोटो जुना होता. मी खोटं बोललो."

तिने हात धुतले, पदराला पुसले.

"जुना हाय त्ये मला म्हाईत हुतं," ती म्हणाली. "त्याच्या अंगातला सदरा त्यो जाताना घरीच टाकून गेला हुता. फाटंस्तवर मी त्याची चुंबळ करून हंड्याखाली घेतली."

मास्तरांना समजेना. मलाही समजले नाही. मास्तर म्हणाले, "मग तू मागितलास कशाला?"

"पुतळ्याला, मास्तर. पानांच्या पुतळ्याला तोंड नसतंय. मला त्याचं तोंड बघून कुंकू पुसायचं हुतं. म्हनून म्हनलं, एवढा द्या." तिने ताटांचा ढीग जरा बाजूला सारला. "तुमी जुना हाय म्हनला असता, तर समदं त्याच दिशी सरलं असतं. पन तुमी गेल्या दिवाळीचा म्हनलात. तुमी कवा खोटं बोलता का? मला वाटलं, सदरा दुसरा असंल. तसाच दुसरा घेतला असंल त्यानं."

आतून खाणावळवालीने ताटे मागितली. धाकटी आत बघून हो म्हणाली आणि पुन्हा मास्तरांकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. शाळेतले पोर गणित विचारते तशी ती विचारत होती.

"आता मी काय करू, मास्तर? ठेवू का पुसू?"

मास्तर तिच्यापुढे उभे होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघितले आणि लगेच नजर काढून घेतली. धाकटी थोडा वेळ थांबली, मग खाली बसली आणि तिने राख घेऊन पुढचे ताट घासायला घेतले.